पुरानंतर मुलगी बदलली : लहान मुलांमधला आघातानंतरचा ताण कसा ओळखायचा

प्रश्न : आम्ही चिपळूणजवळ राहतो. माझी मुलगी चार वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यात पहाटे घरात पाणी शिरलं. तिला आणि धाकट्याला घेऊन मी माळ्यावर चढले. मिस्टर खाली सामान हलवताना अडकले, शेजाऱ्यांनी दोरी टाकून त्यांना बाहेर काढलं. सगळे सुखरूप आहोत. आता तीन महिने झाले. मुलगी त्या दिवसाबद्दल एक शब्द बोलत नाही, तेव्हाही रडली नव्हती. पण आता अंथरूण ओलं करायला लागली आहे, रात्री ओरडत उठते, बाथरूममध्ये एकटी जात नाही, बालवाडीत मुलांना चावते. दिवसभर भातुकलीची भांडी बादलीत बुडवत बसते. घरचे म्हणतात, लहान आहे, विसरेल. सासूबाई रोज दृष्ट काढतात. याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरच्या ताणाचा विकार, म्हणतात असं मी वाचलं. इतक्या लहान मुलीला ते होऊ शकतं का?

उत्तर : हो, होऊ शकतं. तुम्ही जे लिहिलं आहे त्यावरून तुमच्या मुलीला प्रत्यक्ष दाखवून घ्यायला हवं, आणि तेही लवकर. पत्र वाचून निदान होत नसतं, त्यामुळे ते मी करणार नाही. पण काय बघायचं, कुठे बघायचं आणि कुठली लक्षणं भलत्याच कारणाची असू शकतात, हे सविस्तर सांगते. तुमच्यासारख्याच प्रश्नासाठी माझ्याकडे बरेच आईवडील येतात. बहुतेक जण उशिरा येतात, कारण घरात कुणीतरी ‘लहान आहे, विसरेल’ असं म्हटलेलं असतं.

घरच्यांना दोष देऊ नका. अगदी आमच्या, मुलांच्या मानसिक आरोग्याच्या, क्षेत्रातही बराच काळ असाच समज होता. पीटीएसडी हे निदान 1980 साली अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदान-पुस्तिकेत आलं. त्यामागे मुख्यतः व्हिएतनाम युद्धावरून परतलेले सैनिक आणि इतर प्रौढांचे अनुभव होते. त्यामुळे कसोट्याही मोठ्यांच्या होत्या. नको असताना आठवणी येतात का, स्वतःबद्दल काय वाटतं, भविष्याबद्दल काय वाटतं, अशा प्रश्नांना साडेतीन वर्षांचं मूल काय उत्तर देणार? ते गप्प बसतं, आणि मोठे म्हणतात, याला काही झालेलं नाही. सहा वर्षं आणि त्याखालच्या मुलांसाठी वेगळ्या कसोट्या त्या पुस्तिकेत यायला 2013 साल उजाडलं. त्यात महत्त्वाचा बदल हा, की मुलाने काय सांगितलं यापेक्षा त्याच्या वागण्यात, खेळात आणि झोपेत काय दिसतं यावर भर आला.

तेव्हा ती बोलत नाही, यावरून ती विसरली असं समजू नका. चार वर्षांच्या मुलीकडे त्या पहाटेबद्दल सांगायला पुरेसे शब्दच नसतील. तिच्याकडे असतील ते पाण्याचा आवाज, अंधार, तुमची घट्ट पकड आणि बाबांची हाक असे तुकडे. ते तिच्या मनात एकाखाली एक लावलेले नसतात. ते खेळातून बाहेर येतात, म्हणून मी खेळापासून सुरुवात करते.

पुरानंतर मुलं पूर-पूर खेळतात. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीचं पाणी चिपळूण शहरात शिरलं, बोटींनी माणसं काढावी लागली, त्यानंतर अंगणात कागदी होड्या आणि ‘वाचवा वाचवा’चे खेळ दिसले तर त्यात आश्चर्य काहीच नाही. अपघातानंतर गाड्यांची टक्कर, इस्पितळातून आल्यावर बाहुलीला इंजेक्शन, घरात मयत झाल्यावर बाहुलीला झोपवून फुलं वाहणं, हे सगळं निरोगी मुलं करतात. मोठ्या माणसांना ते अभद्र वाटतं आणि ते ओरडून बंद करतात. करू नका. समजून घेण्याची ही मुलांची रीतच आहे.

मग काळजी कधी करायची? खेळ पुढे सरकतो की नाही, ते बघायचं. निरोगी खेळात रोज काहीतरी बदलतं. आज बोट बुडते, उद्या बोट वाचते, परवा बोटीत मांजर बसते, तेरवा मूल तो खेळ सोडून सायकल घेतं. खेळताना मूल मध्येच हसतं, तुम्हाला बोलावतं, ‘तू पोलीस हो’ म्हणतं. अडकलेला खेळ मात्र जिथल्या तिथे फिरत राहतो. त्याच हालचाली, तोच क्रम, शेवट नाही, सुटका नाही, आणि खेळून झाल्यावर मूल हलकं झालेलं दिसत नाही. उलट चिडतं किंवा सुन्न होतं.

एक उदाहरण देते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. स्कूटरच्या अपघातातून वाचलेला साधारण चार वर्षांचा मुलगा. खोलीत आला, खेळण्यांच्या टोपलीतून एकच छोटी गाडी उचलली, जमिनीवरून सरळ नेली, टेबलाच्या पायावर आपटली, उलटी केली. पुन्हा सुलटी, पुन्हा सरळ, पुन्हा त्याच पायावर. तोंडाने ‘घूं’सुद्धा नाही. एवढ्या वयाचा मुलगा गाडी चालवताना आवाज काढत नाही, हीच मोठी खूण होती. मी शेजारी रुग्णवाहिका ठेवली, ती त्याने न बघता बाजूला सारली. ‘आता काय होईल?’ विचारलं, तर गाडी पहिल्या जागेवर गेली. वडील कौतुकाने म्हणाले, बघा, कसा शांत एकटा खेळतो, अजिबात त्रास नाही. उपचार सुरू झाल्यावर बऱ्याच आठवड्यांनी त्याने त्याच रुग्णवाहिकेत एक बाहुला कोंबला आणि पहिल्यांदा सायरन वाजवला. तेव्हा मला वाटलं, आता वाट सापडली.

अशा खेळाचं वर्णन अमेरिकेतल्या बालमानसोपचारतज्ज्ञ लेनोर टेर यांनी नीट करून ठेवलं आहे. 1976 साली कॅलिफोर्नियातल्या चाउचिला गावात 26 मुलांसह शाळेची बस पळवली गेली आणि मुलांना जमिनीखाली पुरलेल्या एका वाहनात कोंडलं गेलं. सगळी जिवंत परतली. गावाला वाटलं, संपलं. टेर यांनी त्या मुलांचा पुढची काही वर्षं मागोवा घेतला, तेव्हा भीती, स्वप्नं आणि तेच ते खेळ टिकून असल्याचं दिसलं. ती मुलं तुमच्या मुलीपेक्षा मोठी होती. पण ‘अंगावर ओरखडा नाही, म्हणजे काही झालं नाही’ हा हिशेब चुकीचा आहे, हे तिथे फार स्पष्ट दिसलं.

म्हणून तुमच्या मुलीच्या बादलीपाशी थोडा वेळ नुसतं बसा. भांडी बुडवल्यावर ती परत काढते का? कुणी त्यांना वाचवतं का? तुम्ही हात घातलेला चालतो का? तिचा चेहरा कसा असतो? हे बघणं कुठल्याही प्रश्नावलीपेक्षा जास्त सांगून जाईल.

आता झोप. ‘रात्री ओरडत उठते’ यात दोन वेगळ्या गोष्टी असू शकतात. झोप लागल्यापासून पहिल्या दोन-तीन तासांत मूल अचानक किंचाळून बसतं, डोळे उघडे, घामाघूम, तुम्हाला ओळखत नाही, जवळ घेतलं तर ढकलतं, थोड्या वेळाने परत झोपतं आणि सकाळी त्याला काही आठवत नाही. हे झोपेतलं घाबरणं बऱ्याच लहान मुलांना होतं आणि ते आघाताशिवायही होतं. ताप किंवा अपुरी झोप असली की वाढतं. याउलट उत्तररात्री पूर्ण जागं होऊन रडणं, आईला चिकटणं, परत झोपायला नकार देणं, ही वाईट स्वप्नाची लक्षणं. आघातानंतर ही वाढतात. स्वप्नात काय दिसलं हे इतकी लहान मुलं सांगत नाहीत, किंवा ‘राक्षस आला’ एवढंच सांगतात. स्वप्नात पूरच दिसायला हवा अशी अट नाही. किती वाजता उठते, तुम्हाला ओळखते का, सकाळी आठवतं का, हे चार-पाच रात्री कॅलेंडरवर लिहून ठेवा. झोपायलाच घाबरत असेल, दिवा बंद करू देत नसेल, तुमचा पदर धरूनच डोळा लागत असेल, तर तेही लिहा.

अंथरूण ओलं होण्याबद्दल आधी बालरोगतज्ज्ञांना विचारा, मग माझ्यासारख्यांकडे या. पाच वर्षांपर्यंत अधूनमधून होणं सामान्य आहे. पण सहा-आठ महिने कोरडी राहिलेली मुलगी पुन्हा अंथरूण ओलं करू लागली असेल, तर लघवीची साधी तपासणी करून घ्यावी. लघवीतला जंतुसंसर्ग आणि बद्धकोष्ठता ही दोन कारणं नेहमीची. फार तहान लागत असेल, वजन उतरत असेल, तर रक्तातली साखर त्याच दिवशी बघायची, थांबायचं नाही. ‘जंत झाले असतील’ हे आपल्याकडचं हुकमी निदान. जंतांचं औषध ठरल्या वेळी जरूर द्या, पण सगळं त्याच्यावर ढकलू नका. आणि तुमच्या घरात धाकटं बाळ आहे, हेही मी डोक्यात ठेवीन. भाऊ झाल्यावर मोठी बहीण पुन्हा बाळ होते, हे पुराशिवायही घडतं. म्हणून ‘कधीपासून’ हा प्रश्न फार महत्त्वाचा. भावाच्या जन्मापासून की पाणी आल्यापासून?

असं वयाने मागे जाणं फक्त लघवीपुरतं नसतं. बोबडं बोलणं, भरवायला लावणं, अंगठा चोखणं, आई दिसेनाशी झाली की आकांत, हे सगळं त्यात येतं. यावर रागावून किंवा ‘बाबू झालीस का’ म्हणून चिडवून काही साधत नाही. चादर मुकाट्याने बदलायची.

टाळाटाळ ओळखणं सर्वांत अवघड. मोठा माणूस पूर आलेल्या रस्त्याने जायचं टाळतो, तेव्हा तो ते ठरवतो. चार वर्षांच्या मुलीला कुठे जायचं हे ठरवायचा अधिकारच नसतो, त्यामुळे तिची टाळाटाळ हट्टासारखी दिसते. आंघोळीच्या वेळी पळणं, बाथरूममध्ये न जाणं, पावसाचे कपडे घालायला नकार, ठरावीक खोलीच्या दारात पाय रोवून उभं राहणं. आणि मुलं जोड लावतात ती आपल्या तर्काने नव्हे. कुणाला पत्र्यावरचा पाऊस चालतो, पण चिखलाचा किंवा फिनेलचा वास चालत नाही, कारण पाणी ओसरल्यावर घरभर तोच वास होता. कुणाला दोरी बघितली की रडू येतं. तुमच्याकडे दोरीने बाबांना काढलं आहे, तेव्हा वाळत घालायच्या दोरीपाशी ती काय करते, हे बघा. तिचे ‘विनाकारण’ हट्ट एका कागदावर लिहा आणि प्रत्येकापुढे त्या पहाटेची एखादी गोष्ट जोडता येते का, ते पाहा. बरेच आईवडील ही यादी करतानाच चमकतात.

चावण्याबद्दल. आघातानंतर मुलाचं अंग सतत सावध असतं. मिक्सर लागला की दचकणं, मागून कुणी हात लावला की फिरून मारणं, क्षुल्लक कारणावरून तासभर थयथयाट, एका जागी न बसणं. बालवाडीतून ‘मुलगी हायपर झाली आहे’ अशी तक्रार येते आणि आजकाल कुणीतरी लगेच एडीएचडी, म्हणजे अतिचंचलता, हा शब्द उच्चारतं. अतिचंचलता एखाद्या पहाटेपासून सुरू होत नाही, ती आधीपासून आणि सगळीकडे दिसत असते. पाण्याआधी जी मुलगी गोष्ट ऐकत बसायची ती आता बसत नसेल, तर कारण दुसरीकडे शोधायला हवं. बाईंना नेमकं विचारा: कधी चावते? कुणी अंगावर आलं की, गोंगाट वाढला की, तुम्ही सोडून गेल्यावर पहिल्या अर्ध्या तासात? ‘मारकुटी’ या शिक्क्यापेक्षा ही वेळ आम्हाला उपयोगी पडते.

याच्या अगदी उलट दिसणारी मुलं मला जास्त काळजीत टाकतात. पूर्वी दंगा करणारं मूल एकदम शहाणं होतं. सांगितलं तिथे बसतं, मागत नाही, हसत नाही, आवडीचं खाऊनही चेहऱ्यावर काही उमटत नाही. पाहुणे म्हणतात, किती गुणी. घरच्यांनाही बरंच वाटतं. खेळ आक्रसणं, माणसांत न मिसळणं, आनंद न दिसणं ही लक्षणंच आहेत, फक्त त्यांचा कुणाला त्रास होत नाही म्हणून त्यांना कुणी डॉक्टरकडे आणत नाही. काही मुलं मध्येच थिजतात, एकटक बघत राहतात. तेव्हा खांद्याला हात लावून नावाने हाक मारा. तरीही काही सेकंद प्रतिसाद नाही, पापण्या फडफडतात, तोंडाची चावल्यासारखी हालचाल होते, दिवसातून अनेकदा होतं, तर ती फिट असू शकते. व्हिडिओ काढा आणि मेंदूविकारतज्ज्ञांना दाखवा.

आणखी एक गोष्ट घरात कुणाच्या ध्यानीमनी नसते: मुलाला वाटणारा अपराध. या वयात मनात आलेलं आणि जगात घडलेलं यांच्यातली भिंत पातळ असते. ‘मी आंघोळीचं पाणी सांडलं म्हणून पूर आला’, ‘मी बाबांवर रागावले होते म्हणून ते बुडत होते’ असं मूल मनापासून मानतं आणि कुणाला सांगत नाही. भर म्हणून आपण मोठे बोलून जातो: ऐकलं नाहीस तर पाणी येईल हं! हे वाक्य तुमच्या घरात कुणी वापरत असेल तर आजपासून बंद. तिला साध्या शब्दांत, विचारलं नाही तरी सांगा: पाऊस खूप पडला, नदी भरली, म्हणून पाणी आलं. तुझ्यामुळे नाही आलं.

तुमच्या धाकट्याबद्दल तुम्ही काही विचारलं नाही. तो अगदी तान्हा असेल तरी त्याच्याकडेही बघा. बाळांमध्ये हे दूध ओढण्यात, झोपेत आणि रडण्यात दिसतं: उचललं तरी शांत न होणं, अंग ताठ करणं, नजरेला नजर न देणं, वजन न वाढणं, बारीक आवाजाला दचकणं. वर्ष-दोन वर्षांचं मूल चिकटून राहतं, शिकलेले शब्द काही दिवस गिळतं. मात्र शब्द जाणं, हाकेला न बघणं, बोट दाखवून मागणं थांबणं हे हळूहळू वाढत असेल, तर पुरावर बोट ठेवून थांबू नका. कानाची आणि विकासाची तपासणी हवी, स्वमग्नतेचाही (ऑटिझम) विचार व्हायला हवा.

आता निदान ठरतं कसं, ते थोडक्यात. आधी प्रसंग खरोखर जिवावरचा असावा लागतो: मुलाने तो स्वतः भोगलेला, समोर पाहिलेला, किंवा आईवडिलांच्या बाबतीत घडल्याचं कळलेला. केवळ टीव्हीवर पाहिलेला पूर त्यात धरत नाहीत. मग प्रसंग पुन्हा पुन्हा वर येण्याचं किमान एक लक्षण, टाळणं किंवा मनाचं कोमेजणं यातलं एक, आणि सततच्या सावधपणाची दोन, म्हणजे चिडचिड, दचकणं, झोप मोडणं, लक्ष न लागणं, डोळ्यांत तेल घालून चौफेर बघत राहणं, यांपैकी. हे महिन्याहून जास्त टिकलेलं हवं आणि त्यामुळे घरातली नाती किंवा बालवाडी बिघडलेली हवी. पहिल्या महिन्यात जवळजवळ प्रत्येक मूल थोडंफार बिथरतं आणि बरीचशी मुलं सांभाळून घेतलं की आपोआप सावरतात. तुमच्या पत्रात अडकल्यासारखा खेळ आहे, बाथरूम टाळणं आहे, झोप आणि चावणं आहे, बालवाडीची तक्रार आहे, आणि तीन महिने लोटले आहेत. म्हणूनच मी वर ‘लवकर’ म्हटलं. सगळ्या कसोट्या पुऱ्या झाल्या नाहीत तरी मदत घ्यायला हरकत नसते. अर्ध्या लक्षणांची मुलंही त्रासात असतात.

काही आघात पुरासारखे बातमीत येत नाहीत. उकळतं पाणी किंवा डाळ अंगावर सांडून भाजणं आणि त्यानंतरची ड्रेसिंगं, कुत्र्याचा चावा, अतिदक्षता विभागातले दिवस, आणि सर्वांत जास्त झाकलं जाणारं म्हणजे घरातली मारहाण. लहान मुलाच्या मनावर स्वतःच्या इजेइतकाच, कित्येकदा जास्तच, आईवर किंवा बाबांवर आलेल्या संकटाचा घाव बसतो, कारण त्याच्या सुरक्षिततेचा सगळा डोलारा त्या दोन माणसांवर उभा असतो. ‘मुलांवर कधी हात उचलत नाही’ असं सांगणाऱ्या घरातलं मूलही, आईला मार खाताना बघून, हीच लक्षणं घेऊन येतं. तुमच्या बाबतीत मी विचारेन: बाबा पाण्यात अडकले ते तिने पाहिलं का? हाका ऐकल्या का? तुम्ही तेव्हा काय म्हणालात?

आणि मग विचारेन, तुम्ही कशा आहात? पत्रात तुम्ही स्वतःबद्दल एक ओळही लिहिलेली नाही. रात्री ढग गडगडले की तुम्ही उठून दार बघता का, तिला अंगणात सोडायची भीती वाटते का, पुराचा विषय निघाला की घरात सगळे गप्प होतात का? लहान मूल आईच्या चेहऱ्यावर धोका वाचतं. तुमचा ताण उतरला की तिचा निम्मा उतरायला मदत होते, म्हणून चांगला उपचारक तुम्हा दोघांशीही बोलेल. घरात पुराबद्दल न बोलणं तिच्या भल्यासाठी असेल, पण त्यातून तिला एवढंच कळतं की ही गोष्ट बोलण्यापलीकडची आहे. दुसरं टोकही नको. आल्यागेल्यासमोर ‘सांग गं, बाबांना कसं काढलं’ म्हणून तिला उभं करायचं नाही. पुराच्या चित्रफिती मोबाईलवर तिच्यासमोर लावायच्या नाहीत. आपल्याला ती जुनी असल्याचं माहीत असतं, तिच्यासाठी पाणी पुन्हा येत असतं.

सासूबाईंना दृष्ट काढू दे. आजीने मीठ-मोहरी ओवाळून जवळ घेतलं तर मुलीला बरंच वाटेल, आणि या वादात तुमची शक्ती कशाला खर्च करता? फक्त मिरच्यांचा धूर तिच्या नाकातोंडात जाऊ नये, ‘तुला बाहेरचं काहीतरी लागलंय’ असं तिच्या कानावर पडू नये, आणि अंगारा मिळाला म्हणून डॉक्टरची भेट पुढे ढकलली जाऊ नये.

भेट मिळेपर्यंत घरी करता येण्यासारखं बरंच आहे. जेवण, आंघोळ, झोप यांच्या वेळा ठरलेल्या ठेवा. उद्या काय होणार हे आधी कळणं या मुलांना फार धीर देतं. बाथरूमशी झगडू नका: आधी दार उघडं ठेवून तुम्ही आत, मग तुम्ही उंबऱ्यावर, मग बाहेरून गाणं म्हणत, असं तिच्या गतीने. बाहेर जाताना चोरून सटकू नका, सांगून जा आणि सांगितल्या वेळी परत या. त्या दिवसाची चार वाक्यांची खरी गोष्ट बनवा आणि तिचा शेवट नक्की सांगा: पाणी आलं, आपण माळ्यावर गेलो, बाबा अडकले, काकांनी दोरी टाकली, बाबा वर आले, पाणी गेलं, आता आपण सगळे इथे आहोत. तिला ऐकायचं नसेल तर थांबा. खेळात शिरायला मिळालं तर हळूच विचारा, ‘या कढईला बाहेर काढायला कोण येईल?’ तिने ढकललं तर पुन्हा दुसऱ्या दिवशी. झोपेसाठी मेडिकलमधून आणलेलं सर्दीचं किंवा खोकल्याचं औषध मात्र देऊ नका.

उपचार म्हणजे काय, याचीही लोकांना धास्ती असते. या वयात गोळ्या हा पहिला पर्याय नसतो. जन्मापासून पाचेक वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी आई-मूल एकत्र बसून, खेळातून करायची उपचारपद्धत आहे. तीन वर्षांच्या पुढे, आघातावर केंद्रित वर्तनोपचारही करतात, त्यात चित्रं, बाहुल्या आणि पालकांचा सहभाग असतो. दोन्ही नीट तपासलेल्या पद्धती आहेत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो आणि राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालचं डीईआयसी, म्हणजे मुलांच्या वाढ-विकासातल्या अडचणी लवकर तपासणारं केंद्र असतं; अंगणवाडीतून किंवा आरोग्य केंद्रातून तिथे पाठवता येतं. कुठे जायचं हेच कळत नसेल तर 14416 या टेलिमानस, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, क्रमांकावर फोन करा, तो मोफत आहे आणि मराठीत बोलता येतं. तो तुमच्यासाठीही आहे.

काही बाबतींत मात्र रांगेत थांबायचं नाही. खाणंपिणं जवळपास बंद झालं, मूल स्वतःला इजा करतंय, ‘मी मरेन’ असं म्हणतंय, किंवा मोठ्या माणसाच्या मनात जीव संपवण्याचे विचार येताहेत, तर त्याच दिवशी दवाखाना. खेळात किंवा बोलण्यात वयाला न शोभणारं लैंगिक ज्ञान दिसलं, गुप्तांगाला दुखतं म्हणते, एका ठरावीक माणसाकडे जायलाच घाबरते, तर तिची उलटतपासणी न घेता तिने जे सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहून ठेवा आणि 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर किंवा पोलिसांना कळवा. मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या 2012 च्या पॉक्सो कायद्याने असं कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे, डॉक्टर आणि शिक्षकांवरही.

पहिल्या भेटीला येताना बादलीच्या खेळाचा एक-दोन मिनिटांचा व्हिडिओ आणा, तिला न सांगता पण तिला न छेडता काढलेला. झोपेची टिपणं, हट्टांची यादी, बालवाडीच्या बाईंच्या चार ओळी आणि लघवीचा रिपोर्ट सोबत ठेवा. पुराची हकिकत तिच्यासमोर सांगायला लागू नये म्हणून मिस्टर किंवा सासूबाईंपैकी कुणीतरी बरोबर असलेलं बरं. एक जण तिच्याजवळ बाहेर बसेल, एक जण आत बोलेल. तिला आदल्या दिवशी सांगा की उद्या खेळणी असलेल्या डॉक्टरांकडे जायचंय, सुई नाही, आणि आई तिथेच असेल.